बाटलेले रांजण

ते डबे मी आणले होते. हे पहिल्यांदाच सांगून टाकते, म्हणजे पुढे शासन, कंपनी आणि दुष्काळ यांच्या आड लपायची मला सोय राहणार नाही. दोष तिघांचाही आहे आणि तो मी पत्रकांत छापलेलाही आहे. पण नांदेडच्या गोदामाच्या दारात उभी राहून "द्या, असतील तेवढे द्या" असं म्हणणारी मी होते.

लातूर जिल्हा तेव्हा नुकता झाला होता. तोवर साध्या अर्जासाठी उस्मानाबाद गाठावं लागे; आता कलेक्टर कचेरी एसटीनं तासाभरावर आली होती. जिल्हा नवा, साहेब नवे, शिक्के नवे. जुना एकटा दुष्काळ. रेणापूरच्या पुढे आमचं गाव, आणि गावाच्या उताराला आमची बौद्ध वस्ती, वीस-बावीस घरांची. वस्तीची विहीर माघातच तळाला गेली. मी नांदेडच्या कॉलेजातून बी.ए. होऊन परतले होते. तिथं अभ्यासापेक्षा मन लावून मी एकच गोष्ट शिकले होते, पत्रक लिहिणं. एका पानात मावेल इतका राग, वर ठळक मथळा, खाली मागण्या. असं एक पत्रक लिहून, वस्तीतल्या बायका घेऊन आम्ही नव्या कचेरीसमोर दिवसभर बसलो आणि टँकर मिळवला. तीन दिवसांतून एकदा.

टँकर आला आणि त्यानंच आमची लाज काढली. पाणी होतं, पण घ्यायचं कशात? दुष्काळात घरातून पहिल्यांदा पितळ जातं. आमचे हंडे, घागरी, कळश्या केव्हाच मोडीत गेल्या होत्या. वरच्या आळीत रांजण होते, हौद होते. आमच्या बायका पातेली, परात, पीठ मळायची काथवट घेऊन धावायच्या आणि ड्रायव्हर वरून म्हणायचा, "वाट्या राहिल्या की बायांनो, वाट्या बी आणा!" तीन दिवसांचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीच संपायचं.

मग मला हुशारी सुचली. कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणीचा मामा नांदेडला फवारणीच्या औषधांच्या गोदामावर हमाली करायचा. कापसाच्या पट्ट्यातून रिकामे झालेले पत्र्याचे डबे तिथं ढिगानं पडलेले मी पाहिले होते. चांगले, जाड, झाकणाचे. सरकी पेंडीच्या ट्रकमधून मी ते गावाला आणले. घरटी दोन. वस्तीनं मला डोक्यावर घेतलं. दादा, माझा थोरला भाऊ, एरवी माझ्या पत्रकांत चिवडा बांधायचा, तोसुद्धा म्हणाला, "हे बरं केलंस. ह्यात काहीतरी भरता येतं."

डबे आम्ही धुतले. म्हणजे राखेनं आणि वाळूनं घासले आणि तांब्याभर पाण्यानं खळबळले. पाणीच नव्हतं तर धुणार कसे? कागदी लेबलं विटकरीनं खरवडून काढली. त्यांच्यावर कवटीचं चित्र होतं. माझी वहिनी ते खरवडताना म्हणाली, "ओ ताई, हे मेलेलं बघा कसं दात काढून हसायलंय. ह्याला बी तहान लागली असंल." आम्ही सगळ्या हसलो. मीही.

वस्तीत एक सुईण होती. नात्यानं कुणाची कोण, ते कुणाला नीट माहीत नव्हतं. सगळी वस्ती तिला मावशी म्हणायची. बारीक, काळी, दोन दात पडलेली, आणि हात मात्र शरीराला न शोभतील एवढे मोठे. आमच्या वस्तीतलीच नव्हे, वरच्या आळीतलीही दोन पिढ्यांची माणसं त्या हातांत जन्मली होती. वरच्या आळीत बाळ जन्मेपर्यंत मावशी घराच्या आत, थेट बाजेपाशी. नाळ कापली, न्हाऊ घातलं, की ती पुन्हा अंगणाबाहेर. ती बसली होती ती जमीन सारवून घ्यायचे, आणि तिचं लुगडं आणि ज्वारी लांबून द्यायचे.

हे मला सहन व्हायचं नाही. वस्तीच्या बैठकीत मी उभी राहून तिला सरळ विचारलं होतं, "मावशी, आपण धर्म बदलला, गावकीची कामं सोडली. मग हे कामून करतेस? त्यांच्या बायका त्यांनी सोडवाव्यात."

मावशी तंबाखू मळत म्हणाली, "धर्म मी बी बदलला, पोरी. पर बाई अडली की ती कोणत्या धर्मात अडली ते आतल्या लेकराला मालूम न्हाई. त्याला तू पत्रक वाचून दाखिव, मग मी थांबते."

सगळे हसले आणि मी खाली बसले. तेव्हा मला ती मागासलेली वाटली होती. हेही लिहून ठेवते.

उन्हाळा लागला आणि वस्तीत बाळंतपणं बिघडायला लागली. शेवटच्या घरातली सून सातव्यातच बाळंत झाली. मुलगा झाला, मुठीएवढा, दुसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर शाळेमागच्या घरात आठव्यात मुलगी झाली; ती जगली, पण अंगावर प्यायला जोर नव्हता, तिला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजायचे. मग तिसरी, तीही दिवस भरायच्या आधीच. एरवी वस्तीत असं वर्षा-दोन वर्षांत एखादं व्हायचं. सासवा म्हणायला लागल्या की सुनांच्या अंगात आता दमच राहिला नाही. कुणी ग्रहणावर घातलं, कुणी ओझ्यावर.

मी अर्थातच पत्रक लिहिलं. मथळा मला अजून पाठ आहे: 'ही बालकं भुकेनं मारली!' रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या गरोदर बायका, अर्धी भाकरी, न मिळणारी सुट्टी, सगळं त्यात होतं, आणि ते खरंही होतं. सायक्लोस्टाइलला पाठवण्याआधी मी ते आमच्या ओसरीवर वाचून दाखवलं. वहिनी खांबाला टेकून बसली होती. तिला सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, विष्णुपुरीकडे झालं होतं. रिवाजाप्रमाणे हे दुसरं सासरी, आमच्याकडे व्हायचं होतं. मावशी तिचं पोट बघायला आली होती.

पत्रक संपलं. मावशी म्हणाली, "लई चांगलं लिव्हलंस. पर चुकलंय."

"काय चुकलंय? भूक नाही वस्तीत?"

"भूक हाय की. माझ्या बी पोटात हाय." ती माझ्याकडे नाही, वहिनीच्या पोटाकडे बघत बोलत होती. "पर आता मला सांग. ह्या उन्हाळ्यात वस्तीत माझ्या हातानं सहा बायका सोडवल्या. तीन लेकी, तीन सुना. लेकी पहिल्या खेपेच्या, सातवं झाल्यावर माहेरी आलेल्या. कुणी किल्लारीकडून आली, कुणी निलंग्याकडून. त्या बी खडीच फोडत व्हत्या, त्या बी अर्धी भाकर खात व्हत्या. दुष्काळ काय फकस्त आपल्या गावालाच हाय? तरी लेकींची लेकरं भरल्या दिवसांनी आली. सुनांची तिन्ही अधुरी. सुना साऱ्या महिन्यांत हितंच राहिल्या. मंग हितं असं काय हाय जे तिकडं न्हाई?"

मी म्हणाले, "वरच्या आळीत?"

"तिथं दोन झाली. दोन्ही सुना. दोन्ही भरल्या दिवसांच्या."

ती उठली, कोपऱ्यातल्या डब्याचं झाकण काढलं आणि त्यात तोंड घालून वास घेतला. मग तिनं मला खुणेनं बोलावलं. पाण्याला एक गोडसर, डोक्यात चढणारा वास होता. आम्हांला तो रोजचा झाला होता. टँकरच्या टाकीचा वास, असं आम्ही धरून चाललो होतो. मावशीच्या घरी डबा नव्हता. तिनं घेतलाच नव्हता. तिला एकटीला एक मडकं पुरायचं. म्हणून तिच्या नाकाला तो वास नवा होता.

"टँकर आमचा बी तोच हाय," मावशी म्हणाली. "माझ्या मडक्यातलं पाणी असं वास मारत न्हाई."

वहिनीनं हातातला पेला खाली ठेवला.

मी डबा ओसरीत ओतून उलटा केला. बुडाच्या कडेला लेबलाची एक पट्टी राहिली होती, बारीक इंग्रजीत. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली बाई. त्यात लिहिलं होतं की रिकामा डबा दुसऱ्या कशासाठीही वापरू नये, फोडावा आणि पुरावा. डबे रेणापूरकडच्या मराठी बायकांच्या डोक्यावर जाणार, त्यांच्या तोंडावरून ठिबकत पोटापर्यंत येणार, आणि सूचना कुणासाठी? विटकर माझ्याच हातात होती, हे मात्र कुणी लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पट्टी वहीत घालून मी रेणापूरच्या दवाखान्यात गेले. तिथला डॉक्टर माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा असेल. त्यानं पट्टी वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली.

"किती दिवस पितायत?"

"शिवरात्रीपासून."

तो म्हणाला, "हे बघा, एकेका बाळाबद्दल मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही की डब्यामुळेच गेलं. उपासमार आहे, उन्हातलं काम आहे. पण वार, बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती, काही दगडी भिंत नव्हे, चाळणी आहे. आईच्या रक्तात गेलं ते बाळापर्यंत जातं. आईचं नुसतं डोकं जड होईल एवढ्यानं त्या जिवाचं वजन वाढत नाही, आणि पोट आधीच मोकळं होतं. तुम्ही पुराव्याची वाट बघू नका. आज डबे बंद करा."

"उकळून?"

"उकळून जंतू मरतात. हे मरत नाही." आणि मग त्यानं विचारलं, "हे लक्षात कुणाच्या आलं?"

मी सांगितलं. लेकी आणि सुनांचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आम्हांला कॉलेजात हेच शिकवतात. फक्त पाच वर्षं लावतात."

परतताना एसटीत मी मनातल्या मनात नवीन पत्रक जुळवत होते. वस्तीत उतरले तेव्हा मात्र पाय पत्रकाकडे नाही, शेवटच्या घराकडे गेले. त्या सुनेचं बाळ जाऊन महिना होत आला होता. ती दारात शेण थापत होती. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं: डबे विषाचे होते, मी आणले, लेबल मी खरवडलं.

ती थापत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मी धोंडा उचलला म्हणून न्हाई?"

"नाही."

"ग्रहणात भाजी चिरली म्हणून बी न्हाई?"

"नाही गं."

तिनं हात पुसले, आत गेली, दोन्ही डबे बाहेर आणून माझ्या पायाशी आपटले आणि सासूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "फोड. माझ्यासमोर फोड."

दादानं पहार आणली. त्या संध्याकाळी बुडाला भोकं पाडून आम्ही डबे पुरले. काहीजण कुरकुरले, "एवढे बेस डबे!" पण शेवटच्या घरची सून खड्ड्याच्या काठावर उभी होती, तिच्यासमोर कुणाला फार बोलवेना.

डबे गेले आणि आम्ही पुन्हा परातीवर आलो. दोन दिवसांनी टँकर. वस्तीत चार बायका गरवार, त्यांतली वहिनी आठव्यात शिरलेली. मी म्हटलं, वहिनीला विष्णुपुरीला पाठवू. दादा म्हणाला, आठव्यात एसटीत बसवायचं नसतं. आणि तिचे आईबाप धरणाच्या कामावर तंबूत राहतात, तिथं कुठं नेऊ? मी म्हटलं, लातूरला मोर्चा काढू, मातीचे माठ मागू. मावशी म्हणाली, "काढ. अर्ज कधी मंजूर व्हईल?"

"महिना तरी."

"आन् हिच्या पोटातल्याला महिन्यानं तहान लागणार हाय व्हय?" मग ती म्हणाली, "परवा टँकरच्या आधी माझ्यासंगं वरच्या आळीला चल. तोंड बंद ठिवशील तर."

टँकरच्या दिवशी सकाळी वरच्या आळीतले रांजण रिकामे असत. बायका ते घासून, कलते करून अंगणात वाळत टाकत. मावशी मला चालता चालता शिकवत होती, जसं एखादी थोरली बाई नव्या सुईणीला शिकवेल. "भरल्या रांजणाला हात लावायचा न्हाई. पाणी वाया जातं. पाणी कुणाचं बी असो. तांब्या-पितळेला तर अजाबात न्हाई. ते राखेनं घासतात, इस्तवावर धरतात, झालं शुद्ध. मातीचं शुद्ध व्हत न्हाई. मातीला हात लागला की माती गेली."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी रस्त्यातच थांबले. "मावशी, हे आपण करायचं? आपण विटाळ मानत नाही! आपण तो मोडायला निघालोय!"

"मोड की तू. मी कुठं न्हाई म्हणायली? तू मोडेपर्यंत मी वापरून घेते."

पहिलं घर पाटलांचं. पाटलीणबाई तुळशीपाशी होत्या. अंगणात तीन रांजण कलते. मावशी नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर थांबली नाही; सरळ आत गेली आणि मोठ्या रांजणावर आपला पंजा पुरा पसरून ठेवला. जसा ती पोटावर ठेवायची, तसाच.

"अगं ए! काय करायलीस?" पाटलीणबाईंचा आवाज फाटला. "बाटवलास ना रांजण!"

"बाटला व्हय?" मावशी म्हणाली. "अरारा. तुमच्या थोरल्याला आधी ह्याच हातानं धरलं, त्यो न्हाई बाटला. धाकट्याच्या तोंडात हीच बोटं घालून घाण काढली, तवा रडला त्यो. आन् रांजण बाटला! लई नाजूक माती हाय, पाटलीणबाई."

"तुला लाज आहे का?"

"हाय की. म्हणून तर एकच बाटवला. दोन सोडले." मग तिचा सूर खाली आला. "वस्तीतल्या सुना अधुऱ्या व्हायल्यात, माय. पाणी विषाच्या डब्यात व्हतं. मला मातीचं भांडं पाहिजे. मागून तुम्ही दिलं असतं, तर पुढच्या उन्हाळ्यात तुम्हीच ते माघारी मागितलं असतं. आता मागणार न्हाई."

पाटलीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांची धाकटी सून दारात आली होती, पदरानं पोट झाकून. तिला नववा लागलेला होता. गावात दुसरी सुईण नव्हती. पाटलीणबाईंनी सुनेकडे पाहिलं, मावशीच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घेऊन जा ते. आणि झाकण पण ने, तिथं कुत्री फिरतात."

मी आणि मावशीनं तो रांजण कडेला धरून उचलला. माझं तोंड बंद होतं. मला हसायचंही होतं आणि आग लागल्यासारखं ओरडायचंही होतं. नांदेडला आम्ही अस्पृश्यतेवर परिसंवाद घेतले होते, ठराव केले होते. त्या सगळ्या ठरावांतून एक मडकंसुद्धा निघालं नव्हतं.

पुढे सोपं झालं. बातमी आमच्या आधी पोचत होती. एका घरी म्हातारा काठी घेऊन आला, तेव्हा मावशी म्हणाली, "मारा की. पर जवळ यायला लागंल तुमाला." तो थांबला. एका घरी नुसताच फुटका डेरा पुढं केला. तिनं तो परत केला, "हे तुमच्या गाईला द्या," म्हणाली. फक्त जिथं नाळ कापली होती तिथंच ती जात होती, आणि जिथं एकच रांजण होता तिथून रिकामी परत येत होती.

किराणा दुकानवाल्या आप्पांच्या घरी अक्का, त्यांच्या बायको, आधीच दारात उभ्या होत्या. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात घासलेला माठ. मावशीनं पंजा पुढे केला, तेव्हा अक्का म्हणाल्या, "हात लावायची गरज नाही गं. घे." आणि त्यांनी माठ तिच्या हातात दिला, बोटांना बोटं लागली तरी हात ओढला नाही. मावशी क्षणभर गोंधळली. मग माठ दोन्ही हातांनी छातीशी धरून निघाली.

सांजेपर्यंत पंधरा रांजण-माठ वस्तीत आले. गरोदर बायकांच्या घरी आधी. उरलेले दोन घरांत मिळून एक. टँकरवाला वरून बघत म्हणाला, "बायांनो, लग्न लागायलंय का कुणाचं?" मावशी म्हणाली, "तुझंच. ये खाली."

वहिनीनं त्या संध्याकाळी रांजणातलं पाणी ओंजळीत घेऊन तीन वेळा हुंगलं आणि मगच पिलं. पुढे रोज हुंगायची. दिवसाला दहा-बारा वेळा पोटावर हात ठेवून थांबायची. हललं की पुन्हा कामाला लागायची. शिवरात्रीपासून वैशाखापर्यंत तिनं जे पिलं होतं, ते तर आत गेलेलंच होतं. मी डॉक्टरला विचारून आले होते, ते परत बाहेर काढायचं काही औषध नाही. वाट बघायची.

कळा महिना-सव्वा महिना आधी सुरू झाल्या. सकाळची वेळ, दादा कामावर गेलेला. मावशी आली, तिनं पोटावर हात ठेवला आणि तोंडातली तंबाखू थुंकून टाकली. एवढ्यावरून मी समजले. मी दवाखान्याची जीप आणायला निघाले, तर ती म्हणाली, "जीप यायच्या आत हे येतंय. पाणी तापिव."

भर दुपारी मुलगी झाली. लहान. दादाच्या तळहातापासून कोपरापर्यंत एवढी. अंगावर बारीक लव, कातडी पातळ, आणि आवाज नाही. मावशीनं घाई केली नाही. तिनं नाळ कापली नाही, आधी बोटांत धरून ठोके संपेपर्यंत थांबली. एकीकडे तोंड साफ करत होती, पाठ चोळत होती. मी उकळलेलं ब्लेड हातात घेऊन उभी होते. वहिनी विचारत होती, "काय झालं? बोला ना कुणी, काय झालं?" मग मावशीच्या हातांतून मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला.

"व्हय," मावशी म्हणाली. "जित्ती हाय."

तिनं ते अंग पुसलं, न्हाऊ मात्र घातलं नाही. पिंजलेल्या कापसात डोकं आणि पाय गुंडाळले आणि उघडं अंग वहिनीच्या उघड्या छातीवर पालथं ठेवून वरून लुगडं बांधलं. "आठ दिवस हितंच. खाली ठिवायची न्हाई." 'कांगारूसारखं' असं डॉक्टर पुढे कधीतरी म्हणाला; मावशीनं कांगारू पाहिलेलं नव्हतं. ती म्हणाली, "पोटात न्हाई तर पोटावर."

तेवढ्यात पाटलांचा गडी धावत आला. त्यांच्या सुनेचं पाणी गेलं होतं. मी मावशीकडे पाहिलं. माझ्या मनात जे आलं ते सांगते: जाऊ नकोस. त्यांनी थोडं अडू दे. मी ते बोललेही.

मावशी हात धूत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "ये हिकडं," म्हणाली. माझं बोट धरून तिनं बाळाच्या तळपायावर ठेवलं. "अधुरं लेकरू श्वास घ्यायला इसरतं. छातीकडं बघत ऱ्हा. हलायची थांबली की हितं टिचकी मार. लागंल अशी. लई भूतदया दाखवू नको."

"मला जमणार नाही, मावशी."

"पत्रक न्हाई हे. जमतंय." आणि ती निघून गेली.

मी बाजेपाशी जमिनीवर बसले. लुगड्याच्या फटीतून ती इवलीशी पाठ दिसत होती. वर, खाली. वर, खाली. मग वर नाही. मी टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली, जोरात. अंग झटकलं, श्वास आला. माझा पण. असं किती वेळा झालं मला माहीत नाही. मध्ये दादा येऊन दारात उकिडवा बसला, त्याला मी बोलू दिलं नाही. वहिनी डोळे मिटून होती, पण माझी टिचकी पडली की तिच्या हाताची बोटं आवळायची.

उन्हं उतरली तेव्हा मी पुन्हा टिचकी मारली आणि ह्या खेपेला श्वास थांबलेलाच नव्हता, मला नुसतं तसं वाटलं होतं. मुलगी चिडली. तोंड लाल करून, मुठी आवळून, त्या एवढ्याशा अंगातून तिनं असा सूर काढला की शेजारच्या बायका दारात जमल्या.

वहिनीनं डोळे उघडले. "ओ ताई," ती खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "आत्यावर गेलीय हो. आल्या आल्या भांडायली."

बायका हसल्या. मुलगी रडता रडता तोंड इकडेतिकडे घासत राहिली आणि मग तिला जे हवं होतं ते सापडलं. दोनदा चोखलं, थांबली. मी बोट तळपायावर ठेवूनच होते. छाती हलत होती. तिसऱ्यांदा चोखलं.